संस्कृतात एम.ए. करणाऱ्या मुलीला टोरांटोत लॅटिन किती जड जाईल?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी पुण्यात संस्कृत घेऊन एम.ए. करते आहे. टोरांटो विद्यापीठात युरोपच्या मध्ययुगाचा अभ्यास करायचा म्हणून पुढच्या सप्टेंबरसाठी अर्ज भरते आहे. तिथे लॅटिनची परीक्षा द्यावी लागते असं कळलं आणि तिला लॅटिनचा गंधही नाही. ‘संस्कृत आणि लॅटिन बहिणी-बहिणी, मग दोन-तीन महिन्यांत होऊन जाईल का, की हा नाद सोडावा? क्लास लावावा का? आणि लॅटिनचा एवढा आग्रह तरी का?’

दोन-तीन महिन्यांत होणार नाही. नऊ महिने रोज दीड-दोन तास दिले तर पहिल्या पातळीच्या परीक्षेपर्यंत पोहोचता येतं. नाद सोडायचं तर काहीच कारण नाही.

पण तुम्ही विचारलेला प्रश्न आणि खरी अडचण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्हाला व्याकरणाची धास्ती वाटते. संस्कृतवाल्याला लॅटिनचं व्याकरण जड जात नाही. परीक्षेत समोर येतो तो कधीही न पाहिलेला उतारा, ठरावीक वेळ आणि चोख इंग्रजी भाषांतराची अपेक्षा. तिथे नडतो तो वेग, शब्दसंग्रह आणि मध्ययुगीन लेखकांच्या लकबी. ‘बहिणी-बहिणी’ या नात्याचा या तिन्हींत उपयोग तुम्ही समजता त्यापेक्षा बराच कमी आहे.

आधी परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगतो. तिने एम.ए.त न शिकवलेला श्लोक स्वतः अन्वय लावून सोडवला आहे का? कोरा उतारा समोर ठेवला तर विभक्ती ओळखून कर्ता-कर्म-क्रियापद जुळवते का? उत्तर ‘हो’ असेल तर नऊ महिने पुरतील. पण मल्लिनाथाची टीका आणि बाजारातलं गाइड समोर ठेवूनच वाचन झालं असेल तर संस्कृतचा फायदा अर्धाच समजा आणि वर तीन-चार महिने धरा. दुसरं, विद्यापीठाच्या मध्ययुगीन अभ्यासाच्या केंद्रात एम.ए.च्या आणि पीएच.डी.च्या अशा लॅटिनच्या दोन पातळ्या आहेत. दुसरी पातळी बरीच वरची आहे, तिचा विचार आत्ता नको. तिसरं, प्रवेशाच्या वेळीच किती लॅटिन येत असायला हवं, परीक्षेच्या तारखा कोणत्या आणि शब्दकोश वापरता येतो का, हे विभागाला ईमेल करून लेखी विचारून घ्या. तयारीची सगळी आखणी शब्दकोशाच्या उत्तरावर ठरते.

लॅटिनचा एवढा आग्रह का, असंही तुम्ही विचारलं आहे. टोरांटो हे सरकारी संशोधन विद्यापीठ. १८२७च्या राजसनदेने किंग्ज कॉलेज म्हणून सुरू झालं, १८५० मध्ये चर्चपासून वेगळं होऊन आजचं नाव मिळालं. मध्ययुगाच्या अभ्यासाचा पाया तिथे १९२९ मध्ये एत्येन जिलसाँ या फ्रेंच तत्त्वज्ञाने सेंट मायकल्स कॉलेजात संस्था काढून घातला, आणि १९६४ मध्ये विद्यापीठाने आपलं स्वतंत्र केंद्र उघडलं. तिथल्या कामाचा कच्चा माल लॅटिनमध्ये आहे: हस्तलिखितं, दानपत्रं, न्यायालयांच्या नोंदी, प्रवचनं. १९७५ पासून तिथे एक प्रकल्प चालू आहे, ‘डीड्स’ नावाचा. इंग्लंडमधल्या हजारो जुन्या दानपत्रांवर तारीखच नसते, तेव्हा त्यांतल्या शब्दसमूहांची तारीख असलेल्या दानपत्रांशी संगणकाने तुलना करून काळ ठरवायचा. शब्दप्रयोगच पुरावा असताना भाषांतर वाचून काम कसं भागणार?

आता व्याकरण. तिला आयतं काय मिळतं आणि पाय कुठे घसरतो, ते पाहू.

विद्यापीठाच्या बोधवाक्यापासूनच सुरुवात करा: ‘वेलुत आर्बोर आएवो’. होरेस या रोमन कवीच्या ओळीतला हा तुकडा आहे. मूळ ओळ अशी: ‘क्रेस्कित ओक्कुल्तो वेलुत आर्बोर आएवो फामा मार्केल्ली’. शब्दाला शब्द ठेवला तर ‘वाढते – लपलेल्या – जसं – झाड – काळात – कीर्ती – मार्केल्लुसची’. इंग्रजीच्या सवयीचा विद्यार्थी डावीकडून उजवीकडे जातो आणि ‘लपलेलं झाड’ असं करून बसतो. संस्कृतची विद्यार्थिनी आधी क्रियापद धरते, मग प्रथमा शोधते: फामा. ‘ओक्कुल्तो’ला ‘ओ’ आहे, ‘आएवो’लाही ‘ओ’ आहे, दोन्ही एकाच विभक्तीत, म्हणजे विशेषण काळाचं. अन्वय लागला: मार्केल्लुसची कीर्ती वाढते, जसं झाड नकळत सरणाऱ्या काळात वाढतं. दंडान्वय येणाऱ्याला हे हातखंडा काम आहे, आणि संस्कृतकडून मिळणारा सगळ्यात मोठा फायदा हाच. ‘पितृ-पातेर’, ‘मातृ-मातेर’, ‘अग्नि-इग्निस’, ‘नाम-नोमेन’, ‘विधवा-विदुआ’ या जोड्या गप्पांत रंगतात, परीक्षेत त्यांनी दोन-चार शब्दच सुटतात.

ते साम्य गोव्यात फार लवकर लक्षात आलं होतं, एवढं जाता जाता सांगतो. मराठीत क्रिस्तपुराण लिहिणाऱ्या फादर थॉमस स्टीफन्सने १५८३ मध्ये गोव्याहून भावाला लिहिलेल्या पत्रात इथल्या भाषांची रचना ग्रीक-लॅटिनसारखी असल्याचं म्हटलं. फिलिप्पो सासेत्ती या फ्लॉरेन्सच्या व्यापाऱ्याने त्याच दशकात ‘देव’, ‘सर्प’, ‘सात’, ‘आठ’, ‘नऊ’ या शब्दांची इटालियन शब्दांशी तुलना केली. तो १५८८ मध्ये गोव्यातच वारला. मात्र साम्याच्या मागे लागून फसूही नका. मराठी ‘संत’ आणि लॅटिन ‘सांक्तुस’ यांचं काहीही नातं नाही; आपला संत ‘सत्’वरून आला आहे.

विभक्त्या. संस्कृतात संबोधन धरून आठ, लॅटिनमध्ये सहा. द्विवचन नाही, संधी नाहीत, लांबलचक समास नाहीत. ऐकायला सुखाचं, पण अडचण त्यातच आहे: तृतीया, पंचमी आणि बरीचशी सप्तमी लॅटिनमध्ये एका ‘आब्लातिवुस’ विभक्तीत कोंबली आहे. ‘तलवारीने’, ‘शहरातून’, ‘त्या वेळी’, सगळं एकच रूप. कुठला अर्थ घ्यायचा ते शब्दयोगी अव्यय आणि संदर्भ ठरवतात. म्हणून सुरुवातीला प्रत्येक आब्लातिवुसवर पेन्सिलीने ३, ५ किंवा ७ असा आकडा टाकायचा. महिनाभरात त्याची गरज उरत नाही. जुन्या सप्तमीचे काही अवशेषही सापडतील: ‘रोमाए’ म्हणजे रोममध्ये, ‘दोमी’ म्हणजे घरी. हा ‘दोमुस’ आपल्या ‘दम्पती’तल्या ‘दम’चा भाऊ.

सति सप्तमी, म्हणजे ‘असं झालं असता’ सांगणारी रचना, तिला येते, तेव्हा ‘उर्बे काप्ता’ म्हणजे ‘शहर घेतलं गेल्यावर’ हे पाच मिनिटांत कळेल. पण लॅटिन लेखक ही रचना दर दुसऱ्या वाक्यात का वापरतात, ते लक्षात घ्यायला हवं. संस्कृतात ‘गृहीत्वा’ आहे, ‘गृहीतवान्’ आहे. लॅटिनमध्ये सर्वसाधारण धातूंना भूतकाळी कर्तरी धातुसाधित नाहीच. ‘शहर घेऊन सैनिक निघाले’ म्हणायला त्यांच्याकडे सोपी वाट नसते, म्हणून ‘शहर घेतलं गेलं असता सैनिक निघाले’. भाषांतरात तसंच्या तसं ठेवलं की इंग्रजी अवघडतं आणि गुण जातात. शहर सैनिकांनीच घेतलं असेल तर सरळ कर्तरीत आणायचं.

आत्मनेपद माहीत असल्याने रूपाने कर्मणी आणि अर्थाने कर्तरी असलेले लॅटिन धातू तिला विचित्र वाटणार नाहीत. ‘सेक्वितुर’ म्हणजे मागे जातो. आपला वैदिक ‘सचते’ तोच. मात्र असे धातू पाठच करावे लागतात, कारण दिसताना ते कर्मणीच दिसतात.

काही ठिकाणी संस्कृतपेक्षा मराठी जवळची पडते, हे फारसं कोणी सांगत नाही. ‘मिही सुन्त दुओ फिलिई’ म्हणजे अक्षरशः ‘मला दोन मुलगे आहेत’. ‘मिही प्लाकेत’, मला आवडतं. ‘लिबेर मिही लेगेन्दुस एस्त’, मला पुस्तक वाचायचं आहे. चतुर्थीतला कर्ता संस्कृत विद्यार्थी तृतीयेत शोधत बसतो आणि इंग्रजीवाला गोंधळतो. मराठीत विचार केला तर वाक्य आपसूक उलगडतं.

खरी ठेच लागते ती ‘इति’च्या जागी. संस्कृत म्हणते ‘सः आगच्छति इति वदति’. अभिजात लॅटिन म्हणते ‘दिकित एउम वेनिरे’: ‘सांगतो, त्याला येणं’. कर्ता द्वितीयेत, क्रियापद तुमन्तासारखं, म्हणजे ‘यायला’, ‘करायला’ अशा रूपासारखं. पहिले दोन महिने प्रत्येक विद्यार्थी त्या ‘एउम’ला कर्म समजून ‘तो त्याला यायला सांगतो’ असं लिहितो, जे साफ चूक आहे. नियम असा लावायचा: सांगणं, समजणं, वाटणं, ऐकणं या अर्थाचं क्रियापद आलं की पुढची द्वितीया तात्पुरती कर्ता धरायची आणि तुमन्त शोधायचं. मराठीतलं ‘मी त्याला येताना पाहिलं’ हे वाक्य मनात ठेवलं तर सवय लवकर होते.

संकेतार्थाची रूपं, म्हणजे इंग्रजीत ज्याला सबजंक्टिव म्हणतात ती, हा दुसरा डोंगर. विधिलिङ् ओळखीचा असला तरी लॅटिनमध्ये ती रूपं गौण वाक्यांत सर्वत्र पसरलेली असतात आणि मराठी-इंग्रजीत बऱ्याचदा साध्या भूतकाळाने उतरवायची असतात. ‘कुम’ आणि ‘उत’ हे दोन छोटे शब्द सगळ्यात जास्त गुण खातात. ‘कुम’पुढे आब्लातिवुस असेल तर ‘सह’, क्रियापद असेल तर ‘जेव्हा’, ‘कारण’ किंवा ‘जरी’. ‘उत’पुढे साधं रूप असेल तर ‘जसं’, संकेतार्थ असेल तर ‘म्हणून’ किंवा ‘इतकं की’. हे दोन शब्द दिसले की आधी पुढचं क्रियापद पाहायचं, मग अर्थ लिहायचा.

आता वेळापत्रक. नऊ महिने म्हणजे साधारण छत्तीस-अडतीस आठवडे.

पहिले वीस आठवडे एकच पाठ्यपुस्तक. १९५६ पासून अमेरिका-कॅनडात चालणारं व्हीलॉकचं पुस्तक चालेल. त्यात चाळीस धडे आहेत, आठवड्याला दोन. संस्कृतवालीला पहिले दहा धडे फार सोपे जातील आणि इथेच ती घाई करेल. करू देऊ नका. या काळात दोन गोष्टी हाताने लिहायच्या: प्रत्येक धातूची चार मूळ रूपं आणि रोज दहा नवे शब्द. ‘फेरो, फेर्रे, तुली, लातुम’, म्हणजे वाहून नेणे, आपला ‘भरति’. उताऱ्यात ‘तुलित’ आलं आणि तिसरं रूप पाठ नसेल तर शब्दकोश उघडूनही ते कुठे पाहायचं हे कळत नाही. रूप ओळखून देणारी संकेतस्थळं आहेत, पण ती शक्य तेवढी सगळी उत्तरं समोर टाकतात. ‘मालुम’ म्हणजे वाईट की सफरचंद, ‘लेगित’ म्हणजे वाचतो की वाचलं, हे ती ठरवत नाहीत. स्वराची लांबी पाठ्यपुस्तकात रेघेने दाखवतात, उताऱ्यात नसते. पहिल्या दोन महिन्यांत ती संकेतस्थळं बंद ठेवलेली बरी.

पुढचे सहा आठवडे लॅटिन बायबल. तिचा धर्माशी संबंध असो-नसो, हे टाळता येत नाही. जेरोमने चौथ्या शतकाच्या अखेरीस हाती घेतलेल्या या भाषांतरातली वाक्यं मध्ययुगातले लेखक उठता-बसता वापरतात आणि बहुतेक वेळा अवतरणचिन्हही नसतं. वाक्यं छोटी, शब्द पुन्हा पुन्हा येणारे. मार्कचं शुभवर्तमान सोळा अध्यायांचं आहे, ते तीन आठवड्यांत होतं. उरलेल्या तीन आठवड्यांत उत्पत्तीच्या पन्नास अध्यायांपैकी जमतील तेवढे. इंग्रजी बायबल शेजारी उघडं ठेवू नका; अध्याय संपला की मगच ताडून पाहा.

शेवटचे दहा-बारा आठवडे कोरे उतारे. यावरच परीक्षा सुटते, आणि बहुतेक जण यालाच सगळ्यात कमी वेळ देतात. आठवड्याला तीन उतारे, प्रत्येकी सुमारे दीडशे शब्दांचे, घड्याळ लावून एक तास. पहिली वीस मिनिटं शब्दकोशाला हात लावायचा नाही: क्रियापदांखाली रेघ, गौण वाक्यांना कंस, विशेषण-नामांच्या जोड्या बाणाने जोडायच्या. मग पस्तीस मिनिटं भाषांतर, पंधरापेक्षा जास्त शब्द पाहायचे नाहीत. उरलेली पाच मिनिटं फक्त काळ आणि वचनं तपासायला. पंधराची मर्यादा हट्टाची वाटेल, पण हिशेब करा: एक शब्द पाहायला मिनिट-दीड मिनिट जातं, चाळीस शब्द पाहिले की तास संपला.

तपासताना चुका तीन रकान्यांत टाकायच्या: रूप चुकलं, रचना चुकली, अर्थ चुकला. सहा उताऱ्यांनंतर कल दिसतो. रूपाच्या चुका जास्त असतील तर तक्ते पुन्हा लिहून काढायचे. रचनेच्या असतील तर ‘कुम’, ‘उत’ आणि द्वितीया-तुमन्त यांवर परत जायचं. अर्थाच्या चुका जास्त असतील तर तयारी योग्य वळणावर आहे, शब्द वाढवत राहायचं.

अर्थाच्या चुकांचं मोठं कारण म्हणजे मध्ययुगात शब्दांनी कूस बदलली. ‘मिलेस’ रोममध्ये साधा सैनिक, बाराव्या शतकात सरदार घोडेस्वार. ‘कोमेस’ आधी सोबती, नंतर काउंट. ‘विल्ला’ बंगलीवजा शेतघर, नंतर गाव. ‘विर्तुस’ मर्दपणा, संतचरित्रात चमत्कार. ‘साएकुलुम’ युग, भिक्षूच्या तोंडी प्रपंच. लुइस आणि शॉर्ट यांचा १८७९चा शब्दकोश मुळात अभिजात लॅटिनचा आहे. तेवढ्यावर विसंबलं तर मठातला चमत्कार मर्दपणा होऊन बसतो. ब्रिटिश साधनांतल्या मध्ययुगीन लॅटिनचा मोठा कोश १९७५ पासून भागाभागाने निघत २०१३ मध्ये पूर्ण झाला. शिकागो विद्यापीठाच्या ‘लोगेऑन’ या संकेतस्थळावर हे दोन्ही एकत्र आणि फुकट पाहता येतात.

स्पेलिंगही बदललेलं असतं. ‘ए-ई’ या जोडीच्या जागी नुसता ‘ई’, त्यामुळे ‘क्वाए’ आणि ‘क्वे’ सारखेच दिसू लागतात. ‘ग्रातिआ’मध्ये ‘टी’च्या जागी ‘सी’. ‘मिही’त ‘एच’च्या जागी ‘सीएच’. शब्द कोशात सापडत नसेल तर हे तीन बदल उलटे करून पाहायचे. बहुतेक वेळा सापडतो.

एक वाक्य नमुन्यादाखल देतो, कारण ते इंग्लंडच्या असंख्य दानपत्रांच्या सुरुवातीला येतं: ‘स्किआन्त प्रेसेन्तेस एत फुतुरी क्वोद एगो…’, म्हणजे ‘आज असलेल्या आणि पुढे होणाऱ्या सर्वांना ठाऊक असो की मी…’. ‘प्रेसेन्तेस’मध्ये ‘ए-ई’चा ‘ई’ झालेला आहे. ‘स्किआन्त’ हे संकेतार्थाचं रूप, आपल्या लोट्‌सारखं आज्ञार्थी. आणि द्वितीया-तुमन्ताऐवजी सरळ ‘क्वोद’, म्हणजे ‘की’. मध्ययुगात ही ‘की’वाली रचना बोकाळली आणि आपल्यासाठी ते बरंच झालं. तुमच्या मुलीने ताम्रपट वाचले असतील तर ‘अस्तु वः संविदितं यथा’ आठवेल. तोच सूर, ‘यथा’च्या जागी ‘क्वोद’. पुढचा साचाही ओळखीचा: दाता कोण, जमीन कुठली, चतुःसीमा काय, साक्षीदार कोण. ताम्रपटांवर तिचा हात बसला असेल तर अर्जातल्या निवेदनात ते जरूर लिहावं.

उच्चारांवर वेळ घालवू नका. सिसेरो या रोमन वक्त्याला ‘किकेरो’ म्हणा की ‘चिचेरो’, लेखी परीक्षेत फरक पडत नाही. हस्तलिखितांतली संक्षेपचिन्हं, म्हणजे अक्षरावर रेघ दिली की गळलेला ‘म’ किंवा ‘न’, ‘पी’च्या पायावर आडवी रेघ म्हणजे ‘पेर’, ही आत्ता नकोत. तो वेगळा विषय आहे आणि तिथे गेल्यावर शिकवला जातो. क्लासचं विचारलंत, तर रूपं आणि तक्ते ती स्वतः करू शकेल. पैसे खर्च करायचेच असतील तर शेवटच्या बारा आठवड्यांत आठवड्याला एक उतारा तपासून देणारा माणूस शोधा, कारण रचनेची चूक स्वतःची स्वतःला दिसत नाही.

आणि इंग्रजीकडे लक्ष द्या. इंग्रजीतली ‘अ’ आणि ‘द’ ही उपपदं लॅटिनमध्ये नाहीत, मराठीतही नाहीत, त्यामुळे घाईत ती दोन्ही गाळण्याची सवय तिला दोन्ही बाजूंनी लागलेली असेल. शेवटच्या त्या पाच मिनिटांत काळ-वचनांबरोबर तीही तपासायची.